टाकीतली मोटर

‘पंप गेलाय’ असं कुणी म्हटलं की आपल्याला आधी विहिरीवरचा पंप आठवतो, मग रस्त्याकडेचा पेट्रोल पंप. गाडीच्या टाकीत बुडून बसलेला, मुठीत मावेल एवढा तिसरा पंप कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. आमच्याकडचे मिस्त्री त्याला पंप म्हणतही नाहीत. ते त्याला ‘टाकीतली मोटर’ म्हणतात, आणि मला तेच नाव जास्त बरोबर वाटतं. कारण बहुतेक वेळा त्यातली मोटरच दगा देते.

मोटर आणि तीही पेट्रोलमध्ये, हे पहिल्यांदा ऐकलं की कुणीही दचकतं. साध्या डीसी मोटरमध्ये कार्बनचे ब्रश फिरत्या कम्युटेटरला घासतात आणि बारीक ठिणग्या उडतात. तरी टाकी पेटत नाही, कारण पेट्रोल पेटायला हवा लागते, तीसुद्धा ठरावीक प्रमाणात. मोटरच्या पोटात सगळीकडे पेट्रोलच भरलेलं असतं, तिथे हवा नसते. उलट ते पेट्रोल मोटरमधूनच वाहत पुढे जातं आणि जाता जाता तिला थंड ठेवतं, वंगणाचं कामही करतं. म्हणजे ही मोटर ज्याला ढकलते, त्याच्याच जिवावर जगते.

जुन्या ॲम्बॅसेडर, पद्मिनीला असली मोटर नव्हती. त्यांचा पंप इंजिनाला चिकटलेला असायचा. आत एक पडदा, आणि इंजिन फिरलं की कॅमच्या धक्क्यानं तो वरखाली व्हायचा. कार्बोरेटरला पेट्रोल नुसतं पोहोचवलं की झालं, दाब जवळजवळ लागतच नाही. मग दिल्लीच्या हवेचा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टानं १९९९ मध्ये राजधानी परिसरातल्या नव्या गाड्यांसाठी युरो-१ आणि लगेच पुढच्या वर्षी एप्रिलपासून युरो-२ चे नियम लागू करायला लावले. तेवढं मोजूनमापून पेट्रोल देणं कार्बोरेटरला झेपणारं नव्हतं. भारतातल्या छोट्या कार दोनेक वर्षांत एमपीएफआय झाल्या. इंजेक्टर आले, ते उघडायचे कधी आणि किती वेळ हे ठरवणारा ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर आला, आणि इंजेक्टरच्या मागे कायम साधारण तीन बारचा दाब लागायला लागला. कारच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास हवा असते. त्याच्या दीडपट दाब ही मुठीएवढी मोटर गाडी चालू असेपर्यंत धरून ठेवते.

आमची गाडी २००६ सालची. कुठल्या कंपनीची ते राहू दे. पांढरी, आठशे सीसीची, तुमच्या घरात नाही तर शेजाऱ्यांकडे ती होतीच. अण्णा पतपेढीत क्लार्क होते तेव्हा त्यांनी कर्ज काढून घेतली. पंधरा वर्षं झाल्यावर २०२१ मध्ये त्यांनी आरटीओत जाऊन ६०० रुपयांत नोंदणी पुढे वाढवून घेतली. एप्रिल २०२२ पासून हीच फी ५,००० झाली. अण्णा हे अजूनही लॉटरी लागल्यासारखं सांगतात.

गाव मल्हारपेठेच्या बाजूला. कराड तिथून पंचवीसेक किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी आईच्या किडन्या काम करेनाशा झाल्या, आणि तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार असं कराडला डायलिसिस. सकाळी सातला मशीनवर घेतात, चार तास. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, त्यामुळे त्याचे पैसे पडत नाहीत. गावाहून दवाखान्यात आणि परत गावाला, ते मात्र ज्याचं त्यानं बघायचं. आठवड्याला दीडशे किलोमीटर. सकाळी आई बरी असते, गाडीत बसून रस्त्यावरची कुणाची भात लावणी झाली, कुणाचा ऊस तुटला हे सांगत जाते. परतताना मात्र ती बोलत नाही. चार तासांत अंगातलं दोन-तीन किलो पाणी काढलेलं असतं, बीपी उतरलेलं असतं, पायात गोळे येतात. मागच्या सीटवर ती आडवी होते आणि घर येईपर्यंत डोळे मिटून असते.

गेल्या मार्चपासून गाडी नेमकी या परतीच्या वाटेवर बंद पडायला लागली.

आधी आचके द्यायची, चढावर दम लागल्यासारखी. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही, आणि मग बंद. स्टार्टर छान फिरायचा, इंजिन उचलायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू. दुपारी बारा-साडेबाराचं ऊन, रस्त्याकडेला उभी गाडी, आत आई. एकदा अण्णांनी तिला उतरवून एका रसवंतीच्या बाकड्यावर झोपवलं. रसवंतीवाल्यानं चांगल्या मनानं ग्लास भरून रस पुढे केला, आणि आईला तो पिता येत नव्हता. डायलिसिसवरच्या माणसाला दिवसाचं पाणी मोजून असतं. हे मला अण्णांनी नाही, तिनंच फोनवर हसत हसत सांगितलं.

मी पुण्यात. मेकॅनिकलची डिग्री आहे आणि सहा वर्षं कोड लिहिते. आमच्या वर्गातले निम्मे असेच आहेत, यात नवल काही नाही. घरच्यांना मात्र त्या डिग्रीचा अजून भरवसा आहे, त्यामुळे गाडीचा आवाज बदलला तरी मला फोन येतो.

तोवर अण्णा दोन गॅरेज करून आले होते. एकीकडे प्लग बदलले. दुसरीकडे इग्निशन कॉइल गेली असेल म्हणाले, ती बदलली, आणि वर ‘काका, आता विका ही’ असा सल्ला फुकट दिला. दोन्ही ठिकाणी गाडी पोहोचली तेव्हा ती व्यवस्थित चालत होती, आणि खरी अडचण तीच होती. जो दोष कायम असतो तो कुणीही शोधतं. येतो-जातो त्याला शोधायला तो आला असताना तिथं हजर असावं लागतं. ऑफिसात याला आम्ही इंटरमिटंट बग म्हणतो. तो सापडत नसला की लोक सर्व्हर रीस्टार्ट करतात आणि तिकीट बंद करून टाकतात.

फरक एवढाच की सर्व्हर निदान लॉग तरी लिहितो. या गाडीला पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नाही. ईसीयू हिशोब करतो तो वेळेचा: इतकी हवा आत आली, तर इंजेक्टर इतके मिलिसेकंद उघडायचा. मागे तीन बार दाब आहे हे त्यानं गृहीत धरलेलं असतं. दाब एक बारवर आला तरी तो तितकेच मिलिसेकंद उघडतो आणि आपण पुरेसं पेट्रोल दिलं असं समजतो. आईच्या डायलिसिस मशीनलाही पंप आहे, रक्त ओढून फिल्टरमधून फिरवणारा. बाहेरून दिसतो, रोलर गोल फिरत नळी दाबत राहतात आणि मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त पुढे सरकतं. पण त्या पंपाच्या अलीकडे-पलीकडे दाब मोजला जातो. आईनं नुसता हात दुमडला तरी मशीन ओरडायला लागतं. त्या हॉलमध्ये दिवसभर कुठलं ना कुठलं मशीन ओरडत असतं आणि सिस्टर न धावता, न चिडता, एकेक बघत फिरतात. मला तो आवाज आवडतो. काहीतरी बिनसलंय हे कळवणारं यंत्र मला भलं वाटतं.

लॉग मिळाला, तो अण्णांकडून. पतपेढीत पस्तीस वर्षं खातेवह्या लिहिलेला माणूस. त्यांच्या गाडीच्या डॅशबोर्डात एक लांबट वही असते. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती रुपयांचं, टायरमध्ये हवा भरली का, सगळं. आणि मार्चपासून मध्ये मध्ये, लाल पेननं: ‘बंद. ऊस वजनकाट्याजवळ. २५ मि.’ मी त्यांच्याकडून पानांचे फोटो मागवले आणि एका रात्री ते सगळं शीटमध्ये भरलं. सात वेळा गाडी बंद पडली होती. सातही परतीला, सकाळी जाताना एकदाही नाही. हे ऊन आणि उष्णतेकडे बोट दाखवणारं झालं, पण उष्णतेनं कॉइलही बिघडते, क्रँकचा सेन्सरही बिघडतो. दुसरी गोष्ट मात्र बोलकी होती. सातपैकी सहा वेळा शेवटचं पेट्रोल भरल्यापासून सत्तर किलोमीटरच्या वर झाले होते.

अण्णा पेट्रोल भरतात ते ५०० रुपयांचं. एकशेचारचा भाव धरला तर पाच लिटरसुद्धा येत नाही. टाकी ३५ लिटरची. तळाशी तीनेक लिटर कायम ठेवायचं आणि वर हे चार-पावणेपाच, अशी ती टाकी दोन वर्षांत कधी पाव भरली नव्हती. एप्रिलच्या उन्हात चार तास उभी गाडी, टाकीत तळाला गेलेलं कोमट पेट्रोल, इंजिनाजवळून तापून परत येणारं पेट्रोल त्यातच मिसळणार, आणि त्यात अर्धी उघडी पडलेली मोटर. जिच्या अंगावरून थंड पेट्रोल जायला हवं, तिला तेवढंही मिळत नव्हतं. शिवाय कॉइल किंवा सेन्सर जातो तेव्हा इंजिन सहसा चाकू फिरवल्यासारखं एकदम तुटतं. आमची गाडी दमत दमत बंद पडत होती. दम लागणं हे पेट्रोल कमी पडल्याचं लक्षण.

‘मग टाकी फुल करा, मी पैसे पाठवते,’ असं मी फोनवर म्हटलं.

‘साडेतीन हजाराचं पेट्रोल उभ्या गाडीत अडकवून ठेवायचं?’ अण्णा म्हणाले. ‘कशाला?’

या ‘कशाला’मध्ये पैशाचा हिशोब होता, तो मला कळला. त्याच्या खाली आणखी एक हिशोब होता. तो आमच्या घरात कुणी मोठ्यानं मांडत नाही. आमच्याकडे हल्ली सगळंच थोडं थोडं आणलं जातं. तांदूळ पाच किलो. गॅसचा दुसरा सिलिंडर घेऊ म्हणून राहिलाय. कॅलेंडरवर पुढच्या महिन्याचं पान कुणी उलटून बघत नाही.

शुक्रवारी रात्री मी गावी पोहोचले. शनिवारी तिघं मिळून कराडला जाऊन आलो आणि गाडी अर्थातच बंद पडली नाही. सकाळीच ५०० चं भरलं होतं. संध्याकाळी मी मल्हारपेठेच्या रस्त्याला असलेल्या मिस्त्रींकडे गेले. पासष्टीचे असतील. जीप, वडाप, ट्रॅक्टर असं सगळं करत आले, गॅरेजला बोर्ड नाही. मी माझं शीट मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, शीटकडे न बघता अण्णांची वही मागितली आणि बोट फिरवत दोन पानं वाचली.

‘चालती गाडी माझ्याकडं आणून काय उपेग, ताई? बंद पडल्याली आणा.’

‘ती रस्त्यात बंद पडते, काका.’

‘मग रस्त्यात जाऊ की.’

तर रविवारी दुपारी दीडला आम्ही गाडी बंद पाडायला निघालो. अण्णा स्टिअरिंगवर, मिस्त्री पुढे, मागे मी, मल्टिमीटर, एक रबरी हातोडा आणि पाण्याची बाटली. गाडी आधी दोन तास मुद्दाम उन्हात उभी केली होती. खिडक्या वर. एक फेरी झाली, काही नाही. मिस्त्री म्हणाले, ‘चढाला न्या.’ दुसऱ्या फेरीत, उसाचे दोन ट्रॅक्टर ओलांडून पुढे आलो आणि तिनं पहिला आचका दिला. मी जवळजवळ टाळी वाजवली. अण्णांनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. शंभर-दीडशे मीटर कण्हत गेली आणि बंद.

यानंतरच्या वीस मिनिटांत आम्हाला सगळं उरकायचं होतं, कारण गार झाली की ती पुन्हा शहाण्यासारखी वागणार.

मिस्त्रींनी पेट्रोलचं झाकण काढलं आणि मला कान लावायला सांगितलं. अशा गाडीत किल्ली ‘ऑन’ केली की इंजिन सुरू करायच्या आधी मोटर दोन-तीन सेकंद फिरते आणि थांबते. तेवढ्यात नळीत दाब तयार होतो. मागे बसलेल्या माणसाला बारीक ‘घुर्रर्र’ ऐकू येतं. तुमच्याकडे जुनी कार असेल तर उद्या सकाळी शांततेत ऐकून बघा. अण्णांनी किल्ली फिरवली. झाकणातून काही नाही. पुन्हा. काही नाही.

पण आवाज नाही म्हणजे मोटर मेली, असं होत नाही. तिला वीजच मिळत नसेल तर? रिले, फ्यूज, गंजलेली अर्थिंगची वायर, यातलं काहीही असू शकतं, आणि हे न बघता टाकी उतरवून नवी मोटर टाकणारे भरपूर आहेत. मागची सीट उचलली की खाली मोटरकडे जाणारा कनेक्टर मिळतो. मिस्त्री मीटरच्या सुया तिथं लावणार, तेवढ्यात मी म्हटलं, कनेक्टर काढून नको, जोडलेला ठेवूनच मागून सुया घालू. काढलेल्या वायरला नुसता व्होल्टेज दिसतो. कुजून एक तार उरलेली वायरसुद्धा मोकळी असताना बारा व्होल्ट दाखवते, आणि मोटरचा भार पडला की कोसळते. त्यांनी मान हलवली. ‘बरोबर हाय. घाला.’ किल्ली ऑन. तीन सेकंद. मीटरवर १२.१, दोन्ही टोकांमध्ये, म्हणजे अर्थिंगसकट. वीज दारापर्यंत पोहोचत होती आणि आतलं कुणी हलत नव्हतं.

मग मिस्त्री गाडीखाली आडवे झाले. ‘अण्णा, लावा किल्ली.’ आणि टाकीच्या बुडाला रबरी हातोड्याचे तीन ठोके.

घुर्रर्र.

गाडी पहिल्या सेल्फला उचलली. मध्यंतरी तीन मोटरसायकलवाले थांबून ‘धक्का देऊ का?’ विचारून गेले होते, तेव्हा काय सांगायचं ते आम्हाला सुचलं नव्हतं.

‘मोटर बसलीया,’ मिस्त्री कपडे झटकत म्हणाले. ‘ब्रश संपल्यात. टाकी भरली तर अजून महिना-दीड महिना काढंल. मग एक दिवस हातोड्यालाबी ऐकायची न्हाय.’

महिना-दीड महिना काढणं आम्हाला परवडणारं नव्हतं. शनिवार ते मंगळवार हे डायलिसिसमधलं सगळ्यात मोठं अंतर. दोन दिवस पूर्ण मध्ये जातात, पाणी साठतं, पोटॅशियम चढतं. सोमवारी रात्री आईला सपाट झोपता येत नाही, उशा लावून बसते. मंगळवारची सकाळ चुकवता येत नाही. म्हणजे हातात सोमवार होता.

सोमवारी नऊला मी कराडात स्पेअर पार्टच्या दुकानात. तीन पर्याय. कंपनीचा पूर्ण संच, तरंगणारा फ्लोट आणि त्याचा काटा वगैरे सगळ्यासह, ५,८०० रुपये. नुसती चांगली मोटर, १,६५०. आणि तीच म्हणून दिसणारी, तशाच डब्यातली, ४५०. मी मधली घेतली. फ्लोटला काही झालं नव्हतं. सोबत खालची नवी जाळी, टाकीच्या तोंडाचं नवं गॅस्केट, दोन क्लिपा, आणि आतली वीतभर नळी. ही नळी मी मुद्दाम मागून घेतली. साधी पेट्रोलची नळी आतून पेट्रोल सोसते, बाहेरून नाही. टाकीतली नळी आतबाहेर बुडालेली असते, तिला वेगळं रबर लागतं. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते जुन्या रबराला मानवत नाही. ज्या उसाच्या ट्रॅक्टरमागे आपण अर्धा तास हॉर्न वाजवतो त्याचाच थोडा भाग फिरून आपल्या टाकीत येतो, हे मला दरवेळी गंमतीचं वाटतं.

काम घरासमोर चिंचेखाली केलं. गॅरेजच्या शेडमध्ये शेजारी वेल्डिंग चालतं, म्हणून मिस्त्रीच म्हणाले की तिकडे नको. त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग शेजारच्या वहिनींना सांगून त्यांची परसातली चूल विझवायला लावली, माझा मोबाइल आईकडे द्यायला लावला आणि अण्णांना लांब खुर्ची टाकून बसवलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. खड्ड्यात साठते. गाडीखाली दिव्यासाठी साधा बल्ब नेणाऱ्या माणसाचं त्यांनी एक उदाहरण सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही.

आमच्या गाडीत मोटरपर्यंत वरून वाट नाही. टाकीच खाली घ्यावी लागते. काही जण सीटखालचा पत्रा कापून खिडकी पाडतात. मिस्त्रींना ते पटत नाही. ‘पत्र्यावर कटर चालवायचा आन् खाली पेट्रोल?’ पेट्रोल कॅनमध्ये काढलं, साडेतीन लिटर निघालं. रस्त्यात ती पेट्रोल संपून बंद पडली नव्हती, याचा तो पुरावाच. टाकीच्या पट्ट्यांचे बोल्ट अठरा वर्षांच्या चिखलानं एकजीव झालेले. त्यातच दुपारचे दोन वाजले. एक बोल्ट तेल पाजून, ठोकून, पुन्हा तेल पाजून सुटला. दुसरा तुटला. जॅक, लाकडी ठोकळे आणि मध्ये ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब, अशी ती टाकी गादीवर घेतल्यासारखी खाली आली.

वर बोटभर माती, चिंचेचा पाला, कुठल्याशा उंदरानं आणलेला कापूस. तोंडाचे स्क्रू सोडवायच्या आधी मिस्त्रींनी अर्धा तास ब्रश आणि फडक्यानं नुसतं ते पुसलं. ‘हितली माती आत गेली की नवी जाळी म्हैन्यात बुजती.’ मला हात लावायला दिला तो इथून पुढे. संच वाकडा करून, फ्लोटची काडी न अडकवता बाहेर काढला. जाळी काळी होती. जुनी मोटर काढली, नळी कापून काढली, नवी बसवली, क्लिपा आवळल्या. प्लस-मायनस दोनदा बघितलं, उलटं जोडलं तर मोटर उलटी फिरते आणि दाब काही येत नाही. नवं गॅस्केट. स्क्रू एकाच बाजूनं न आवळता समोरासमोर, थोडे थोडे.

आई सगळा वेळ ओट्यावर बसून होती. सोमवार, त्यामुळे चेहरा सुजलेला, बोलताना मध्ये श्वास घ्यावा लागत होता. अण्णा मिस्त्रींना विचारत होते की आता तरी ५०० चं भरलं तर चालेल ना. मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले.

‘अर्धी टाकी भरा की हो,’ आई म्हणाली. ‘मी काय एवढ्यात कुठं जात न्हाई.’

कुणी काही बोललं नाही. अण्णा उठून कॅन उचलायला गेले, तो रिकामा होता की भरलेला हे न बघताच.

टाकी वर चढवायला संध्याकाळ झाली. तुटलेल्या बोल्टच्या जागी मिस्त्रींनी कुठल्याशा जीपचा बसवला. बॅटरी जोडली, कॅनमधलं पेट्रोल ओतलं. किल्ली ऑन, तीन सेकंद घुर्रर्र, ऑफ. पुन्हा. पुन्हा. असं तीन-चारदा, म्हणजे रिकाम्या नळ्या भरतात. तेवढ्या वेळात मी खाली झोपून प्रत्येक जोड बोटानं चाचपला. कोरडा. मग सेल्फ मारला.

मजुरीचे त्यांनी ९०० घेतले. जाताना जुनी मोटर मी ठेवून घेते म्हटलं तर म्हणाले, थांबा, दाखवतो. ती धुऊन, वाळवून, व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉनं तिचं पत्र्याचं आवरण कापलं. नव्या ब्रशची लांबी सेंटिमीटरभर तरी असते. यातला एक अर्ध्यावर होता. दुसरा तांदळाच्या दाण्याएवढा. मागची स्प्रिंग पूर्ण ताणलेली, आणखी पुढे ढकलायला तिच्यात जोर राहिला नव्हता. गरम झालं की तेवढाही टेकायचा नाही, गार झालं की टेकायचा. हातोड्यानं हलला की टेकायचा. कम्युटेटरवर त्या दाण्यानं एक चर पाडला होता, नखाला लागेल एवढा. अठरा वर्षं. वहीत किलोमीटर बघितले: ९८,४१२.

मंगळवारी पहाटे पाऊण तास लवकर निघालो, अण्णांना विश्वास नव्हता म्हणून. पंपावर अण्णांनी दोन हजाराचं भरलं आणि पावती नीट घडी करून वहीत ठेवली. परतताना बाहेर चाळीस डिग्री असेल. वजनकाटा आला, गेला. रसवंती आली. अण्णांनी वेग कमी केला, आरशातून मागे पाहिलं. आई झोपली होती.

एकच गोष्ट राहिली आहे. नव्या जुळणीनंतर पेट्रोलचा काटा पाव टाकी जास्त दाखवतो, फ्लोटची जुनी काडी कुठेतरी अर्धा सेंटिमीटर वाकली असणार. त्यासाठी पुन्हा टाकी उतरवायला मिस्त्री तयार नाहीत आणि मीही नाही. अण्णा म्हणाले, काट्यावर कोण चालतंय. वहीत त्यांनी नवा रकाना आखलाय, ‘टाकीत अंदाजे लिटर’. परवा फोटो पाठवला. गुरुवारी सकाळी १७, शनिवारी सकाळी १४. खाली लाल पेननं काही नव्हतं.